चुका मोजायच्या की जोखायच्या?

इंग्रजी शिकणाऱ्या कुणीतरी लिहिलेली दोन वाक्ये समोर ठेवू. पहिले, 'शी गो टू ऑफिस एव्हरी डे.' दुसरे, 'शी हॅज फ्यू फ्रेन्ड्स इन धिस सिटी.' दुसरे वाक्य लिहिणाऱ्याला सांगायचे होते की तिला या शहरात चार-दोन मित्रमैत्रिणी आहेत, तिचे बरे चालले आहे. तपासणाऱ्याचे लाल पेन पहिल्या वाक्यावर लगेच थांबते. 'गो' नको, 'गोज' हवे. गोल काढला, अर्धा गुण गेला. दुसऱ्या वाक्यावरून पेन तसेच पुढे सरकते, कारण त्या वाक्याच्या रचनेत खोट काढण्यासारखे काही नाही. आणि तरीही वाचणाऱ्याला फसवते ते नेमके तेच. 'फ्यू'च्या आधी 'अ' असता तर थोडेफार मित्र आहेत असा अर्थ झाला असता. तो नाही, म्हणून अर्थ झाला की तिला मित्र जवळपास नाहीतच. पहिल्या वाक्याने कुणाचाही गैरसमज केला नाही. दुसऱ्याने सुखात असलेल्या बाईला एकाकी करून टाकले.

इंग्रजीच्या चुकांबद्दल आपण जे बोलतो, जे शिकवतो, ज्यावर गुण कापतो आणि ज्यावरून माणसाची लायकी ठरवतो, त्यात हा फरक कुठेच येत नाही. सगळ्या चुका एका रांगेत, सब घोडे बारा टक्के. माझे म्हणणे असे आहे की चुकीचे वजन तिने कोणता नियम मोडला यावर ठरू नये. ती वाचणाऱ्याला कुठे अडवते, कुठे भलत्या वाटेला लावते, यावर ठरावे. आणि हे वजन ठरवण्याची जबाबदारी शिकणाऱ्याची नाही. ती शिकवणाऱ्यांची, परीक्षा घेणाऱ्यांची आणि अर्ज वाचणाऱ्यांची आहे.

'गोज'मधल्या त्या शेवटच्या 'एस'पासूनच सुरुवात करू, कारण जगभरच्या इंग्रजी वर्गांत त्याच्यावर भरपूर शाई सांडली जाते. वर्तमानकाळात कर्ता तृतीयपुरुषी एकवचनी असेल तर क्रियापदाला 'एस' लावायचा, हा नियम दोन मिनिटांत समजतो. अंगवळणी पडायला वर्षे लागतात. त्यामागे आळस नसतो. रॉजर ब्राऊन या मानसशास्त्रज्ञाने इंग्रजीच मातृभाषा असलेल्या तीन मुलांच्या बोलण्याचा दीर्घकाळ मागोवा घेतला आणि १९७३ मध्ये मांडले की मुले इंग्रजीची व्याकरणरूपे साधारण एका ठरावीक क्रमाने आत्मसात करतात. क्रिया चालू असल्याचे दाखवणारा 'आयएनजी' लवकर येतो, अनेकवचनाचा 'एस'ही लवकर येतो, आणि क्रियापदाचा हा 'एस' बराच उशिरा. पुढच्याच वर्षी हायडी डुले आणि मरीना बर्ट यांनी स्पॅनिश आणि चिनी मातृभाषेच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. इतक्या वेगळ्या दोन भाषांतून आलेली ही मुले इंग्रजीची रूपे बरीचशी सारख्याच क्रमाने शिकत होती. मातृभाषेचाही या क्रमावर परिणाम होतो हे नंतरच्या अभ्यासांतून पुढे आले, ते खरेच आहे. पण क्रियापदाचा 'एस' रेंगाळत येतो, हे शिकवणारा प्रत्येक जण रोज पाहतो.

तो का रेंगाळतो? कारण तो वाचणाऱ्याला नवे काहीच सांगत नाही. 'शी' म्हटले की कर्ता एक आहे, तिसरा आहे, हे कळलेच. तेच पुन्हा क्रियापदावर नोंदवायचे. भूतकाळात तसे करावे लागत नाही, 'मस्ट' किंवा 'कॅन' आले की करावे लागत नाही. मेंदू अर्थ पोहोचवण्याच्या धडपडीत असतो आणि अर्थाला ज्याची गरज नाही ते सर्वांत शेवटी उचलतो. ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ पिट कॉर्डर यांनी १९६७ मध्येच सांगितले होते की शिकणाऱ्याच्या चुका हा त्याच्या मनात भाषेची कोणती व्यवस्था आकाराला येते आहे याचा पुरावा असतो. घाईत झालेली घसरण आणि अजून न बसलेला नियम यांत त्यांनी स्पष्ट भेद केला. त्यानंतर इतकी दशके गेली. उत्तरपत्रिकेवरचा लाल गोल अजूनही दोन्हींना सारखाच पडतो.

चुका नुसत्या मोजण्यातला सर्वांत मोठा धोका दाखवणारा एक अभ्यास माझ्या मते प्रत्येक इंग्रजी शिक्षकाला ठाऊक असायला हवा. जॅकलिन शॅक्टर यांनी १९७४ मध्ये वेगवेगळ्या मातृभाषांच्या विद्यार्थ्यांचे इंग्रजी निबंध तपासले. 'हू', 'विच', 'दॅट' यांनी जोडलेल्या उपवाक्यांत कोण किती चुकते, हा प्रश्न होता. चिनी आणि जपानी विद्यार्थ्यांच्या चुका फारसी आणि अरबी विद्यार्थ्यांपेक्षा कमी निघाल्या. म्हणजे त्यांना ही रचना चांगली जमत होती का? तसे नव्हते. त्यांच्या भाषांत अशी उपवाक्ये नामाच्या आधी येतात, त्यामुळे इंग्रजी रचना त्यांना अवघड जाते, आणि ते ती फारशी वापरतच नव्हते. जे वापरलेच नाही त्यात चूक कुठून होणार?

हे वाचल्यावर कमी चुकांचा निबंध म्हणजे चांगला निबंध, हे समीकरण टिकत नाही. प्रत्येक चुकीला गुण कापला जात असेल तर शहाणा विद्यार्थी काय करील? सहा शब्दांची वाक्ये लिहील. जे म्हणायचे आहे ते सोडून जे बिनचूक म्हणता येते तेच म्हणेल. हुशार माणसे इंग्रजी लिहायला बसली की त्यांचे विचार पाचवीतल्या मुलासारखे का वाटू लागतात, याचे उत्तर बरेचसे इथे आहे. त्यांची अक्कल कमी झालेली नसते, त्यांनी धोका पत्करणे सोडलेले असते. आणि ते सोडायला त्यांना आपणच शिकवलेले असते. मला याचा राग येतो. भाषा शिकण्याचा एकमेव रस्ता चुकत चुकत जातो, आणि त्याच रस्त्यावर आपण दंड वसूल करायला माणसे बसवली आहेत.

आता उपपदांकडे, म्हणजे नामाआधीच्या 'अ', 'अॅन', 'द' यांकडे येतो. इंग्रजी शिकणाऱ्यांसमोरची ही सर्वांत चिवट अडचण आहे आणि सर्वांत वाईट शिकवली जाणारीही. 'द' हा इंग्रजीत सर्वांत जास्त वेळा येणारा शब्द, साधारण दर वीस शब्दांमागे एक. रशियन, चिनी, जपानी, कोरियन, मराठी या भाषांत त्याला थेट जोडीदार नाही. वर्गात जो नियम सांगितला जातो तो असा: पहिल्यांदा उल्लेख आला की 'अ', दुसऱ्यांदा आला की 'द'. हा नियम पहिल्याच परिच्छेदात मोडतो. 'आय बॉट अ कार, बट द इंजिन वॉज डेड.' इंजिनाचा हा पहिलाच उल्लेख, तरी 'द' कसा? कारण गाडी म्हटली की तिला एक इंजिन असणार हे वाचणाऱ्याला माहीत आहे. मूळ तत्त्व उल्लेखाच्या क्रमात नाही, वाचणाऱ्याच्या डोक्यात आहे. नेमके कोणते, हे त्याला कळेल असे लिहिणाऱ्याला वाटते का? वाटत असेल तर 'द'. 'सन'च्या आधी 'द' याच कारणाने येतो, आणि 'क्लोज द डोअर' म्हणताना दाराची आधी ओळख करून द्यावी लागत नाही तीही याच कारणाने.

हे तत्त्व शिकणाऱ्याला परके नसते. मराठीत 'एक माणूस आला होता' आणि 'तो माणूस आला होता' यांतला फरक कुणालाही समजावून सांगावा लागत नाही. ओळखीचे आणि अनोळखी हा भेद मनात असतोच, फक्त इंग्रजी तो प्रत्येक नामापाशी नोंदवायला लावते. शिक्षकाने तिथून सुरुवात केली तर रिकाम्या जागा भरण्याचे निम्मे स्वाध्याय बाद करता येतील.

उपपदांचे सगळेच प्रयोग मात्र तत्त्वात बसत नाहीत. ब्रिटिश माणूस आजारी पडला की 'इन हॉस्पिटल' असतो, अमेरिकन माणूस 'इन द हॉस्पिटल'. दोघांचीही मातृभाषा इंग्रजीच. जिथे मूळ भाषकांतच एकमत नाही तिथे शिकणाऱ्याचा गुण कशासाठी कापायचा? उलट 'फ्यू' आणि 'अ फ्यू', 'लिट्ल' आणि 'अ लिट्ल' या जोड्यांत अर्थ पालटतो, तिथे वेळ द्यायला हवा. उपपदाची एक चूक बिनमहत्त्वाची आणि दुसरी घातक, दोन्ही एकाच प्रकरणात. म्हणूनच प्रकरणांच्या नावाने चुकांची प्रतवारी लावता येत नाही, प्रत्येक वेळी वाक्यच पाहावे लागते.

काळांचेही असेच. 'आय अॅम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स' हे वाक्य प्रमाण इंग्रजीत बसत नाही, पण माणूस पाच वर्षांपासून इथे राहतो हे समजायला काही अडत नाही. 'व्हेन आय रीच्ड, ही लेफ्ट' हे वाक्य व्याकरणात चोख आहे, आणि त्याचा अर्थ होतो की मी पोहोचलो तसा तो निघून गेला. लिहिणाऱ्याला म्हणायचे असते की मी पोहोचलो तेव्हा तो आधीच गेलेला होता. 'हॅड लेफ्ट'मधला 'हॅड' गळाला आणि भेट टाळल्याचा आरोप उभा राहिला. पहिल्या वाक्याला वर्गात सगळे हसतात, दुसऱ्याकडे कुणाचे लक्षही जात नाही.

एखादा छोटा शब्द किती महाग पडू शकतो, याचे सर्वांत दुःखद उदाहरण विमानवाहतुकीत आहे. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर दाट धुक्यात दोन जंबो जेट धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे मेली. कारणे अनेक होती: धुके, गर्दी, घाई, एकाच वेळी झालेले रेडिओसंदेश. त्यांतले एक कारण एका वाक्यात होते. उड्डाणाची परवानगी मिळालेली नसताना डच विमान धावू लागले होते आणि त्याच्या कॉकपिटमधून 'वी आर नाऊ अॅट टेक-ऑफ' अशा शब्दांत संदेश गेला. नियंत्रकाने त्याचा अर्थ घेतला की विमान उड्डाणाच्या जागी उभे आहे. काही भाषा-अभ्यासकांनी दिलेले स्पष्टीकरण असे की डच भाषेत चालू असलेली क्रिया सांगायला जी रचना लागते तिची छाया त्या 'अॅट'वर पडली असावी. दोघेही इंग्रजीत बोलत होते आणि दोघांचीही मातृभाषा इंग्रजी नव्हती. पुढे विमानवाहतुकीतली ठरीव शब्दावली कडक झाली. आता 'टेक-ऑफ' हा शब्द परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, एरवी 'डिपार्चर' म्हणायचे.

यातून धडा घ्यायचा तर तो एवढाच घेता आला असता की वैमानिकांना बिनचूक व्याकरण आलेच पाहिजे. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेने तसे केले नाही. २००८ पासून लागू झालेल्या तिच्या भाषा-निकषांत सहा पातळ्या आहेत आणि काम करायला किमान चौथी लागते. त्या चौथ्या पातळीच्या वर्णनात व्याकरणाबद्दल म्हटले आहे की चुका होऊ शकतात, विशेषतः अनपेक्षित प्रसंगी, पण त्यांनी अर्थाला क्वचितच बाधा यावी. शेकडो माणसांचे प्राण ज्या वाक्यांवर अवलंबून असतात तिथे कसोटी अर्थाची आहे. आणि सहामाही परीक्षेच्या निबंधाला, कारकुनीच्या अर्जाला, कार्यालयातल्या साध्या ईमेलला आपण त्याहून कडक आणि त्याहून आंधळी कसोटी लावतो.

विरामचिन्हांबाबत तर शिकवण्यातच मूलभूत गोंधळ आहे. स्वल्पविराम म्हणजे वाचताना जिथे थोडे थांबायचे ती जागा, असे मुलांना सांगितले जाते. या सांगण्याला मोठा इतिहास आहे. इसवी सनापूर्वी सुमारे २०० मध्ये अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचे प्रमुख असलेले बायझँटियमचे अॅरिस्टोफेनीस यांनी मजकुरात वेगवेगळ्या उंचीवर ठिपके देण्याची पद्धत काढली, ती मोठ्याने वाचणाऱ्याने कुठे किती थांबावे हे कळावे म्हणून. वाचन तेव्हा तोंडाने होत असे. पुढे छापील पुस्तके आली, मनातल्या मनात वाचणे रुळले, आणि इंग्रजी विरामचिन्हे हळूहळू श्वासापासून दूर जाऊन वाक्याच्या रचनेशी बांधली गेली. वर्गातली व्याख्या मात्र श्वासापाशीच राहिली.

तिचा परिणाम पाहा. 'द बुक दॅट आय बॉट यस्टरडे, इज व्हेरी गुड.' इथे बोलताना श्वास घेतला जातो, म्हणून शिकणारा प्रामाणिकपणे स्वल्पविराम देतो, आणि कर्ता व क्रियापद यांच्यामध्ये चिन्ह टाकल्याबद्दल गुण गमावतो. त्याने शिकवलेला नियमच पाळलेला असतो. दोन पूर्ण वाक्ये नुसत्या स्वल्पविरामाने जोडली की इंग्रजी शिक्षक रागावतात. जर्मनमध्ये ती तशी जोडणे बरोबर असते, आणि जर्मन माणूस 'आय थिंक'नंतरही सवयीने स्वल्पविराम देतो, कारण त्याच्या भाषेत तो तिथे सक्तीचा आहे. या चुकांमुळे पानाची शोभा कमी होत असेल. अर्थ कुठेही जात नाही.

अर्थ जातो तो वेगळ्या ठिकाणी. 'एम्प्लॉईज हू वर्क नाइट्स विल गेट एक्स्ट्रा पे.' स्वल्पविराम नाही, म्हणजे जे रात्रपाळी करतात त्यांनाच जादा पैसे. आता 'हू वर्क नाइट्स' या तीन शब्दांच्या दोन्ही बाजूंना स्वल्पविराम द्या. अर्थ झाला, सगळेच कर्मचारी रात्रपाळी करतात आणि सगळ्यांनाच जादा पैसे मिळतील. दोन बारीक चिन्हांनी पगाराची यादी बदलली. शिकणाऱ्याला विरामचिन्हांतले एकच काही शिकवायला वेळ असेल तर हे शिकवावे असे माझे ठाम मत आहे. दोन स्वल्पविरामांच्या आतले काढून टाकले तरी वाक्याचे मुख्य म्हणणे टिकले पाहिजे. टिकत नसेल तर ते स्वल्पविराम तिथे नकोत. श्वासाशी याचा काही संबंध नाही.

हे पुस्तकी उदाहरण वाटत असेल तर अमेरिकेतल्या मेन राज्यातला खटला पाहावा. तिथल्या कायद्याने ओव्हरटाइमच्या जादा दरातून काही कामे वगळली होती: शेतमाल, मांस, मासे, नाशवंत पदार्थ यांवर प्रक्रिया करणे, ते गोठवणे, वाळवणे, साठवणे वगैरे. यादीच्या शेवटी शब्द होते 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन', आणि 'शिपमेंट'नंतर स्वल्पविराम नव्हता. ओकहर्स्ट डेअरीचे ट्रकचालक माल पोहोचवत, पॅक करत नसत. त्यांचे म्हणणे पडले की इथे काम एकच आहे, पाठवणीसाठी किंवा वितरणासाठी पॅक करणे, आणि ते आम्ही करत नाही. कंपनी म्हणाली, कामे दोन आहेत, पॅक करणे आणि वितरण करणे. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने वाक्य खरोखरच दुहेरी अर्थाचे आहे असे मानून चालकांच्या बाजूने कौल दिला. पुढच्या वर्षी ५० लाख डॉलरवर तडजोड झाली.

या खटल्याची बातमी बहुतेक ठिकाणी 'स्वल्पविराम न दिल्याची शिक्षा' अशी सांगितली गेली. त्यातला महत्त्वाचा भाग त्यामुळे सुटला. मेन राज्याच्या कायदे लिहिण्याच्या नियमपुस्तिकेत यादीतल्या शेवटच्या घटकाआधी स्वल्पविराम देऊ नये असेच सांगितलेले होते. म्हणजे लिहिणाऱ्याने नियम मोडला नव्हता, पाळला होता. तपासनिसाने लाल पेन घेऊन ते कलम पाहिले असते तर त्याला पूर्ण गुण मिळाले असते. विधिमंडळाने नंतर दुरुस्ती केली ती यादीत अर्धविराम घालून आणि 'डिस्ट्रिब्यूशन'चे 'डिस्ट्रिब्यूटिंग' करून, म्हणजे वाक्याची बांधणीच अशी बदलून की दुसरा अर्थ निघूच नये. वाचणारा काय समजेल, हा प्रश्न नियमाच्या पुढे असतो, तो असा.

अपॉस्ट्रॉफीबद्दल थोडक्यात. 'त्याचे' या अर्थाचा 'इट्स' आणि 'ते आहे' या अर्थाचा 'इट्स' यांचा उच्चार एकच, देवनागरीत लिहिले तर अक्षरेही तीच, फरक फक्त त्या वरच्या टिंबवजा चिन्हाचा. ही चूक दिसली की लोक माणसाला अशिक्षित ठरवतात. १७८७ च्या अमेरिकन राज्यघटनेच्या मूळ हस्तलिखित प्रतीत, पहिल्या अनुच्छेदाच्या दहाव्या कलमात, 'त्याचे' या अर्थी 'इट्स' अपॉस्ट्रॉफीसह लिहिलेले आहे. त्या काळी तसे लिहिले जात असे. आजचा संकेत शिकायला हवाच, आणि तो सोपा आहे: 'हिज', 'हर्स', 'अवर्स' यांना अपॉस्ट्रॉफी नाही, तसा यालाही नाही. पण वाक्यात दोन्हींपैकी कोणता अर्थ आहे याबद्दल वाचणाऱ्याला कधी शंका येते का? मला तरी असे एकही वाक्य आठवत नाही.

याहून वाईट गोष्ट अशी की गुण कापण्यासाठी वापरले जाणारे काही नियम मुळात नियमच नाहीत. वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन, म्हणजे 'इन', 'टू', 'विथ' असा संबंध दाखवणारा शब्द, येऊ नये, हा त्यांतला मुकुटमणी. जॉन ड्रायडन या कवीने १६७२ मध्ये बेन जॉन्सनच्या लेखनात असा दोष काढला, तिथून ही कल्पना चालत आली. १७६२ मध्ये, पुढे बिशप झालेल्या रॉबर्ट लाउथ यांनी आपल्या गाजलेल्या व्याकरणात लिहिले की ही आपल्या भाषेची ओढच आहे. ते विधानही त्यांनी 'टू' या प्रिपोझिशनवरच संपवले. गंभीर लेखनात दुसरी रचना जास्त शोभते, एवढेच त्यांचे मत होते. मोजता येणाऱ्या वस्तूंना 'लेस' नको, 'फ्युअर' हवे, हा आग्रह १७७० मध्ये रॉबर्ट बेकर यांनी मांडला तो मला असे बरे वाटेल, इतक्याच सुरात. 'टू' आणि क्रियापद यांच्यामध्ये शब्द घालू नये, याचा गाजावाजा एकोणिसाव्या शतकातला, हेन्री अल्फर्ड यांनी १८६४ मध्ये केलेल्या टीकेनंतरचा. एका माणसासाठी 'दे' वापरणे चूक मानतात, पण ते चौदाव्या शतकापासून इंग्रजीत आहे. मूळ भाषक हे सगळे रोज करतात, त्यांचे मोठे लेखकही करतात. शिकणाऱ्याला मात्र त्यासाठी दंड, कारण त्याच्या हातात उलट बोलण्याचे बळ नसते.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. तुम्ही अर्थाचे बोलता, पण जग रूपावरून माणूस जोखते. अर्जात 'शी गो' लिहिणाऱ्याचा अर्ज बाजूला पडतो. ज्यांच्या घरात इंग्रजी नाही त्यांनाच याची झळ सर्वांत जास्त बसते. अशा मुलांना चुका चालतात असे सांगणे म्हणजे त्यांना उघड्यावर सोडणे, असे म्हणणारे शिक्षक मुलांच्या काळजीनेच म्हणतात. त्यांचे निदान मला मान्य आहे, उपाय नाही.

रूप महाग पडते, म्हणून रूप शिकवायचे, हे बरोबरच. प्रश्न कधी आणि कसे, हा आहे. लिहिताना एक काम असते, लिहून झाल्यावर दुसरे. पहिल्या वेळी डोके म्हणण्यात गुंतलेले असावे. दुसऱ्या वेळी तेच पान परक्याचे समजून वाचावे, आणि तेव्हा क्रियापदाचे 'एस', अपॉस्ट्रॉफी, मोठी अक्षरे, सगळे शोधून काढावे. हे दुसरे काम शिकवता येते, सरावाने बसते, आणि त्यात मुलाच्या आत्मविश्वासाला हात लागत नाही. प्रत्येक चुकीवर लाल खूण केल्याने लेखन सुधारते का, यावरही अभ्यासकांत मोठा वाद झाला आहे. जॉन ट्रस्कॉट यांनी १९९६ मध्ये थेट म्हटले की वर्गातली व्याकरणदुरुस्ती सोडून द्यावी, तिचा उपयोग नाही आणि अपाय होतो. डेना फेरिस यांनी १९९९ मध्ये त्याला उत्तर दिले की निवडक, स्पष्ट आणि मुलाला झेपेल अशी दुरुस्ती उपयोगी पडू शकते. मी फेरिस यांच्या बाजूचा आहे. पण त्यांनीही निवडक म्हटले आहे. पान लाल करून टाकण्याची बाजू या दोघांपैकी कुणीच घेतली नाही.

आणि जग रूपावरून जोखते, तर जगालाही काही सांगायला हवे. आज इंग्रजी वापरणाऱ्यांत ती दुसरी-तिसरी भाषा म्हणून शिकलेल्यांची संख्या मूळ भाषकांपेक्षा मोठी आहे. युरोप परिषदेच्या भाषा-पातळ्यांच्या चौकटीत पूर्वी काही वर्णनांत मूळ भाषकाशी तुलना होती. २०१८ च्या पुरवणी आवृत्तीत ती काढून टाकली गेली. मोठ्या संस्थांना हे उमगले आहे. मुलाखत घेणारा, उत्तरपत्रिका तपासणारा, समाजमाध्यमांवर दुसऱ्याच्या इंग्रजीचा फोटो काढून हसणारा, यांच्यापर्यंत ते अजून आलेले नाही. एखाद्याचे 'डिस्कस अबाउट' (इथे 'अबाउट' नको असतो) ऐकून त्याचे म्हणणे ऐकणे थांबवणारा माणूस भाषेची सेवा करत नाही. समोरच्याला गप्प करण्याचे एक सोयीचे साधन त्याला मिळालेले असते, आणि ते हातचे जाऊ नये असे त्याला वाटते.

बदल फार खर्चाचे नाहीत. परीक्षेत उपपदांच्या रिकाम्या जागा भरायला देण्याऐवजी एकाच वाक्याची दोन रूपे द्यावीत, रात्रपाळीच्या वाक्याची स्वल्पविरामांसह आणि त्यांच्याविना, आणि विचारावे की कोणत्या सूचनेनुसार कुणाला पैसे मिळतील. गुणांचे दोन रकाने करावेत. एकात वाचणारा कुठे अडला किंवा फसला त्याचे गुण, दुसऱ्यात रूपाचे, आणि पहिल्याचे वजन दुसऱ्यापेक्षा बरेच जास्त. अवघड रचना वापरण्याचा प्रयत्न करून चुकलेल्याला, सोपे लिहून वाचलेल्यापेक्षा कमी गुण पडणार नाहीत एवढे पाहावे. आणि जिथे नोकरीसाठी इंग्रजी तपासायचे आहे तिथे व्याकरणाचे पर्यायी प्रश्न सोडून द्यावेत. उमेदवाराला अर्धा तास आणि शब्दकोश द्यावा, त्या कामात खरोखर लिहावे लागेल असे एक पत्र लिहायला सांगावे, ते पत्र विषय माहीत नसलेल्या माणसाच्या हातात द्यावे, आणि त्याला काय समजले ते त्याच्याकडून ऐकून घेऊन मगच गुण भरावेत.